जुन्या ट्रॅक्टरचे आवाज: आधी ‘कधी’, मग ‘कुठं’

(किल्लारी येथे शेतकऱ्यांपुढे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. वक्ते आयटीआयमधून निवृत्त झालेले डिझेल मेकॅनिकचे निदेशक आहेत. बोलण्याची ढब शक्य तितकी तशीच ठेवली आहे. शेवटी श्रोत्यांचे काही प्रश्न दिले आहेत.)

मागं बसलेल्यांनी जरा पुढं या, कारण आज आवाजावर बोलायचंय आणि तोंडानं आवाज काढूनही दाखवायचेत. हसू नका म्हणजे झालं.

किल्लारीत आवाजावर बोलायचं म्हणजे मला जरा अवघडल्यासारखं होतं. 1992च्या दिवाळीच्या आधी-नंतर जमिनीतून गडगडल्यासारखा आवाज यायचा, भांडी हलायची, हे तुमच्यातल्या पन्नाशीच्या पुढच्यांना मी काय सांगावं? वर्षभरानं 30 सप्टेंबर 1993ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी काय झालं तेही तुम्हालाच माहीत. जमिनीखालच्या आवाजावरून पुढं काय आणि कोणत्या दिवशी होणार, हे आजही कुणाला सांगता येत नाही. यंत्राचं तसं नाही. यंत्रात जे काही वाजतं ते माणसानंच बसवलेलं असतं, त्याचे फेरे ठरलेले असतात, त्यामुळं त्याच्या आवाजाचा माग काढता येतो. आज एवढाच विषय, आणि तोसुद्धा जुन्या, म्हणजे सेकंड हँड घेतलेल्या ट्रॅक्टरचा.

नव्याचं सोडून जुन्याचंच का? तर नवा ट्रॅक्टर वाजला की तुम्ही कंपनीच्या माणसाला फोन लावता. जुना वाजला की तुम्ही एकटे. विकणारा म्हणतो, ‘माझ्याकडं असताना वाजत नव्हता.’ मिस्त्री म्हणतो, ‘खोलल्याशिवाय सांगता येत नाही.’ आणि मृग तोंडावर आलेला असतो. चार-पाच लाख गुंतलेले, त्यातले काही पतसंस्थेचे, काही घरातलं सोनं ठेवून आणलेले. अशा वेळी माणूस दोनपैकी एक चूक करतो. एक तर ‘डिझेल इंजिन हाय, वाजणारच’ म्हणून चालवत राहतो, नाहीतर घाबरून पहिल्याच दिवशी इंजिन खोलायला लावतो. मी दोन्ही चुका बघितल्यात. दुसरी तर माझ्या हातूनच झालीय.

ती आधी सांगतो. बरीच वर्षं झाली. निलंग्याकडचे एक शेतकरी ट्रॅक्टर घेऊन आले. तीन सिलिंडरचं इंजिन, स्लोवर ‘ठक-ठक-ठक’ असा जड आवाज, रेस दिली की वाढायचा. मी कान लावला, ऑइल प्रेशरचा काटा बघितला, तो मेलेला होता, जुन्या ट्रॅक्टरवर बहुतेक मेलेलाच असतो. मी म्हणालो, मेन बेअरिंग गेलंय. चेंबर उतरवला, बेअरिंगं काढली. एकदम चांगली. तरी आता खोललंच आहे म्हणून बेअरिंगं बदलली, रिंगा टाकल्या, गॅस्किट सेट टाकला. इंजिन चालू केलं. ठक-ठक-ठक. तसाच आवाज! शेवटी शेजारच्या गॅरेजमधल्या एका पोरानं सहज फॅनचा पट्टा काढून इंजिन सुरू केलं, आणि आवाज बदलला. क्रँकची पुढची पुली तिच्या चावीवर ढिली झाली होती. दर फेऱ्याला ती तिथल्या तिथं ठोकत होती. पट्टा काढायला पाच मिनिटं लागतात. मी तो काढला नव्हता. त्या माणसाचे आठ दिवस गेले, पेरणी शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरनं भाड्यानं करावी लागली, आणि माझ्या मजुरीचे पैसे मी घेतले नाहीत तरी सामानाचे द्यावेच लागले त्यांना. ते मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

चूक कुठं झाली बघा. मी विचारलं, आवाज कसा आहे? कुठून येतोय? हे दोन्ही प्रश्न नंतरचे.

‘कुठून’ हा प्रश्न ट्रॅक्टरच्या बाबतीत फार फसवा आहे, त्याचं कारण समजून घ्या. जीप घ्या, ट्रक घ्या, त्याला खाली चॅसी असते, तिच्यावर इंजिन रबरावर बसवलेलं असतं, गिअरबॉक्स वेगळा. आपल्या नेहमीच्या ट्रॅक्टरला अशी चॅसी नाही. इंजिन, क्लचचं घर, गिअरबॉक्स, मागचं डिफरन्शियल हे सगळं एकमेकांना बोल्टनं जोडून एकच लोखंडी अंग तयार होतं, तेच त्याचं हाड आणि तेच शरीर. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, लोखंडातून पाच हजारांच्या आसपास. म्हणजे पुढं पुलीत ठोकलं तरी ते क्षणात मागच्या सीटपर्यंत पोचतं, आणि पायाखालच्या पत्र्याला जे ढिलं असेल ते वाजायला लागतं. तुम्ही म्हणता गिअरबॉक्स वाजतोय. वाजत असतो पत्रा.

‘कसा’ हाही प्रश्न फसवा, कारण ज्याला तुम्ही ‘टकटक’ म्हणता त्याला मी ‘खटखट’ म्हणतो आणि फोनवरून सांगताना दोघांचंही चुकतं.

म्हणून पहिला प्रश्न: आवाज कधी बदलतो? ट्रॅक्टर उभा करा, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून. हळूहळू रेस द्या. आवाज इंजिनच्या फेऱ्याबरोबर वाढतोय, तर तो इंजिनचा किंवा इंजिननं फिरणाऱ्या कशाचा तरी आहे. उभ्या ट्रॅक्टरवर आवाज नाहीच, चालायला लागल्यावर येतो आणि गिअर कोणताही असो, चालीबरोबर वाढतो, तर तो चाकाकडचा. नुसतं चालताना नाही, नांगर जमिनीत उतरला की येतो, तर तो ओझ्याचा. एवढ्या तीन वाटण्या केल्या तरी निम्मा ट्रॅक्टर तुम्ही संशयातून सोडवला. पाना हातात न घेता.

आता क्लच. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवून क्लच पूर्ण दाबा. डबल क्लच असेल तर शेवटपर्यंत दाबा, अर्ध्यावर थांबू नका. दाबल्यावर ‘किर्रर्र’ सुरू झालं तर रिलीज बेअरिंग. कारण त्याच्यावर दाब येतो तो क्लच दाबल्यावरच. उलट, पाय काढल्यावर घरघर आणि दाबल्यावर गप, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग, कारण क्लच दाबला की तो शाफ्ट फिरायचा थांबतो. दोन्हीसाठी ट्रॅक्टर मधून फोडावा लागतो, म्हणजे क्लचपाशी दोन भाग करावे लागतात, आणि मजुरी जाते ती त्यातच. म्हणून एकदा फोडला की तिथली दोन्ही बेअरिंगं आणि क्लच प्लेट बघूनच घ्या. इथं पाचशे रुपये वाचवून लोक सहा महिन्यांनी परत फोडायला येतात.

इंजिनकडं वळू. त्यात खरी भीती असते, म्हणून थोडा वेळ घेतो.

चार स्ट्रोकच्या इंजिनमध्ये क्रँकचे दोन फेरे झाले की कॅमशाफ्टचा एक होतो. म्हणजे टॅपेटचा आवाज हा क्रँकच्या आवाजाच्या निम्म्या वेगानं येतो. इंजिन मिनिटाला 600 फेऱ्यांवर असेल तर क्रँकवरचं काही ढिलं असलं की सेकंदाला दहा ठोके, आणि एक टॅपेट ढिला असेल तर पाच. दहा मोजता येत नाहीत, पण पाच आणि दहा यातला फरक कानाला कळतो. ढोलकीवाल्याला तर लगेच कळेल. टॅपेट हलका वाजतो, वरून वाजतो, शिवणयंत्रासारखा. फिलर गेज घालून त्या मॉडेलच्या पुस्तकात दिलेली फट बसवली की जातो. पण एक बघा: टॅपेट कव्हर काढलंच आहे तर रॉकरवर तेल येतंय का ते बघा. तेलाची नळी तुंबली असेल तर रॉकर कोरडा चालतो. तुम्ही फट बसवता, महिनाभर शांत, परत आवाज, परत फट. तेल पोचत नाही हे कुणी बघतच नाही.

टॅपेटसारखाच ‘चिक-चिक’ असा आवाज मॅनिफोल्डच्या गॅस्किटमधून धूर निसटताना येतो. तिथं काळी काजळीची रेघ दिसते. रेघ दिसली तर टॅपेटला हात लावू नका.

नोझलचा आवाज कडक असतो, हातोडीनं ऐरणीवर मारल्यासारखा, आणि बहुतेक वेळा काळा किंवा पांढरा धूर सोबत असतो. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं तर तो जड, घुमा, ‘धब-धब’. पिस्टनचा फटकारा इंजिन थंड असताना जास्त आणि तापल्यावर कमी, कारण पिस्टन तापून फुगतो, स्लीव्हमधली फट भरते. रॉडचं उलट. थंडीत तेल घट्ट असतं, ते बेअरिंगला सांभाळून घेतं. तापलं, पातळ झालं, की ठोके उघडे पडतात. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण जुना ट्रॅक्टर घेताना विकणाऱ्याची अर्धी हुशारी याच्याभोवती फिरते. त्याच्याकडं मी येतोच.

नोझल की रॉड की मेन, हे ठरवायला जुन्या पद्धतीच्या पंपावर एक सोपी चाचणी आहे. इंजिन स्लोवर ठेवून एका सिलिंडरच्या डिझेल पाइपचा नट नोझलपाशी अर्धा फेरा ढिला करायचा. त्या सिलिंडरचं जळणं बंद. आवाज गेला किंवा बराच कमी झाला, तर आजार त्याच सिलिंडरमध्ये. मग ती नोझल काढून दुसऱ्या सिलिंडरला लावा. आवाज नोझलबरोबर तिकडं गेला तर नोझलच खराब, दुरुस्ती थोडक्यात. आवाज जागेवरच राहिला तर रॉड किंवा पिस्टन, मग खोलणं आलं. आणि तिन्ही सिलिंडर एकेक करून बंद केले तरी आवाजात काही फरक नाही, तर तो मेन बेअरिंगचा, टायमिंग गिअरचा किंवा... पुलीचा! मी त्या दिवशी हे केलं असतं तरी थांबलो असतो, निदान पट्ट्याकडं बघितलं असतं.

पण हे करताना काळजी घ्या, आणि जमलं तर मिस्त्रीकडूनच करून घ्या. त्या पाइपमधून निघणारं डिझेल सुईसारखं असतं, कातडी फोडून आत जातं. वरून टाचणीएवढी खूण दिसते, आत बोट सडतं, कापावं लागतं. हात, तोंड लांब ठेवा. तसं झालंच तर ‘चिंचोका लावला’ म्हणत घरी बसू नका, सरळ दवाखाना गाठा. आणि हल्लीच्या मोठ्या ट्रॅक्टरांना कॉमन रेल येतं, त्यात दाब हजार बारच्या वर असतो. तिथं चालू इंजिनवर पाइपला पाना लावायचाच नाही. ते काम कॉम्प्युटरवर बघायचं असतं.

जड आवाज आणि ऑइल प्रेशर कमी, हे दोन्ही एकत्र दिसले तर जागेवर इंजिन बंद करा. घरी नेऊन बंद करू म्हणू नका. बेअरिंग आणि क्रँक यांच्यात केसाच्या जाडीएवढी फट असते, तिच्यात तेल फिरतं, त्या तेलावर सगळा भार. तेल संपलं की धातूला धातू. काटा मेलेला असेल तर साधं मेकॅनिकल गेज लावून घ्या. इंजिन तापल्यावर स्लोवर प्रेशर बघा. थंड इंजिनवरचं प्रेशर सगळ्यांचंच चांगलं असतं.

पहिली चूक म्हणालो होतो, ‘वाजणारच’वाली. माझ्या नात्यातलाच एक जण. उमरग्याकडून जुना ट्रॅक्टर घेतला, उसाच्या वाहतुकीला. कारखान्याशी करार, टोळीला उचल दिलेली, ती उचलही व्याजानं काढलेली. डिसेंबरात ‘धब-धब’ सुरू झालं. मी फोनवर म्हणालो, थांब, बघायला येतो. तो म्हणाला, दादा, दोन खेपा रोज चाललेत, टोळी बसून राहिली तर खायला कोण घालणार? बरोबर होतं त्याचंही. चौथ्या-पाचव्या दिवशी रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला. मागं भरलेल्या दोन ट्रॉल्या. नशीब, रस्ता सपाट होता. वीस-पंचवीस हजारांत भागलं असतं ते ब्लॉक आणि क्रँकवर गेलं, हंगाम गेला, आणि टोळी दुसऱ्या मालकाकडं गेली. उचल अंगावर राहिली ती वेगळीच. इंजिनच्या आवाजाचा हिशोब असा लांबवर पोचतो.

मागच्या भागाकडं जाऊ. इथं मोजणी फार उपयोगी पडते. मागच्या मोठ्या टायरचा घेर साधारण चार मीटर असतो, पुढच्या लहानाचा सव्वादोनच्या आसपास. तुमच्या ट्रॅक्टरचा सुतळीनं मोजून घ्या. टायरवर खडूची खूण करा, आणि एका माणसाला बाजूनं चालायला सांगून पहिल्या गिअरमध्ये चालवा. मोठ्या चाकाच्या एका फेऱ्याला एकदाच ‘टक’ होतंय, तर ते मोठ्या चाकाशी किंवा त्याच्या एक्सलशी बांधलेलं काहीतरी. लहान चाकाच्या फेऱ्याला एकदा, तर पुढचं. मोठ्याच्या एका फेऱ्यात बरेच ठोके, ठरावीक, तर आतला एखादा वेगानं फिरणारा गिअर, बहुतेक दात उडालेला. मी म्हणतो, हा खडू वीस हजारांच्या यंत्राचं काम करतो.

वळतानाच येणारा आवाज, सरळ चालताना नाही, तो डिफरन्शियलमधल्या स्टार पिनियनचा, किंवा पुढच्या चाकाच्या बेअरिंगचा, किंवा किंगपिनच्या बुशचा. आपल्या काळ्या जमिनीत पुढच्या चाकाचं सील लवकर मरतं. चिखल वाळतो, सिमेंटसारखा होतो, सील कापतो, आणि ग्रीसमध्ये माती जाते. पुढचा एक्सल जॅकवर घ्या, खाली लाकडी ओंडका द्या, नुसत्या जॅकवर भरवसा नको. चाकाला वर-खाली धरून हलवा, मग फिरवा आणि एक हात एक्सलवर ठेवा. बेअरिंग खरखरत असेल तर कानाआधी हाताला कळतं.

क्राउन-पिनियनचा आवाज म्हणजे ‘ऊंऽऽ’ अशी गुणगुण. ओढताना येते आणि रेस सोडली की बदलते. उसाच्या ट्रॉल्या ओढलेल्या ट्रॅक्टरमध्ये ही असतेच थोडी. जुन्या सरळ दातांच्या गिअरबॉक्सचा आवाजही मुळात मोठा, रिव्हर्समध्ये तर तो ओरडतोच, त्याला घाबरू नका. गुणगुणीला घाबरायचं ते तिच्यात ‘कडक-कडक’ मिसळलं की. मग ड्रेन प्लग काढून तेल बघा. बऱ्याच प्लगला चुंबक असतो. त्याला काळसर मऊ लोण्यासारखं चिकटलंय, तर ती झीज, चालायची. बोटांना टोचणारे तुकडे निघाले तर ट्रॅक्टर तिथंच ठेवा. आणि तेल दुधासारखं पांढरट असेल तर पाणी गेलंय. बऱ्याच मॉडेलमध्ये हेच तेल गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक लिफ्टला एकत्र असतं, त्यामुळं लिफ्टचा पंपही कुरकुरायला लागतो. लिफ्टचा पंप ओरडला की लोक पंप बदलतात. आधी तेलाची पातळी आणि सक्शनची जाळी बघा.

आता विकत घेण्याच्या दिवशीचं. सांगून जाऊ नका, सांगून गेलात तर ठरल्या वेळेच्या तासभर आधी पोचा. पहिलं काम, इंजिनच्या ब्लॉकला हात लावा. गरम असेल तर विचारा, सकाळी सकाळी कुठं नेला होता? थंड इंजिन ऐकायचं, कारण स्टार्टिंगचा त्रास आणि पिस्टनचा फटकारा थंडीत कळतो. मग तेच इंजिन चांगलं तासभर ओझ्यावर चालवून, तापवून ऐकायचं, कारण रॉड तेव्हा बोलतो. विकणारा यातलं एकच ऐकू देतो, त्याला सोयीचं ते. डिपस्टिक काढून तेल बोटावर घ्या. मधासारखं घट्ट असेल तर इंजिन ऑइलमध्ये गिअर ऑइल मिसळलंय अशी शंका घ्या. घट्ट तेलानं ठोके चार दिवस दबतात. गिअरबॉक्समध्ये लाकडाचा भुसा घालून आवाज दाबायची युक्ती तर जगभरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात सांगतात. म्हणून ड्रेन प्लग. आणि हो, टेप बंद करायला सांगा. आपल्याकडं ट्रॅक्टरच्या इंजिनपेक्षा स्पीकर मोठे असतात, आणि ट्रॅक्टर बघायला आलेल्याला गाणं ऐकवायची विकणाऱ्याला भारी हौस.

कागदांचं एका वाक्यात: इंजिन नंबर आणि चॅसी नंबर आरसी बुकाशी स्वतः जुळवा आणि बँकेचा बोजा उतरलाय का ते बघा. त्याचा आवाज येत नाही.

ऐकायचं साधन म्हणजे लांब स्क्रू ड्रायव्हर. टोक लोखंडावर, मूठ कानाच्या पुढच्या हाडावर. टोक सरकवत न्या, जिथं सर्वांत स्पष्ट ऐकू येतं तिथं थांबा. पण ‘कधी’ ठरल्यावरच. आणि हे करताना गमछा, उपरणं, पदर, काही लोंबत नको. पुढं पंखा आहे, मागं पीटीओ. पीटीओ मिनिटाला 540 फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ वेळा. कपडा अडकला तर ‘अरे’ म्हणेपर्यंत दोन-तीन मीटर गुंडाळलेला असतो, आणि त्यात माणूस असतो. मळणीयंत्राच्या शाफ्टचा क्रॉस वाजतोय म्हणून चालू पीटीओवर वाकून ऐकणारी माणसं मी बघितलीत. क्रॉस इंजिन बंद करून हातानं हलवून बघतात. ढिला असेल तर कळतोच, ऐकायची गरज नाही.

आता विचारा.

एक शेतकरी: सर, माझा ट्रॅक्टर रोटाव्हेटर लावला की लई थडथडतो. काढला की गप. इंजिन बगू का?

नको. तुम्हीच उत्तर दिलंत, काढला की गप. रोटाव्हेटरची पाती बघा. एका बाजूची झिजलेली, दुसऱ्या बाजूची नवी असतील तर तोल जातो. एखादं पातं तुटलेलं असेल. मग पीटीओ शाफ्टचे दोन्ही क्रॉस, आणि शाफ्टचे दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत बसवलेत का ते. शाफ्ट साफ करायला काढून परत घालताना एक खाच चुकली की थडथड सुरू होते. कधी काढला होता का?

शेतकरी: उन्हाळ्यात काढला हुता, ग्रीस भरायला.

मग आधी तेच बघा.

एक महिला: सर, आमच्याकडं ट्रॅक्टर मीच चालवते. चढावर पुढून खणखण येते, उतारावर नाही. मिस्त्री म्हणाले कान वाजत असतील तुमचे.

ताई, कान तुमचे बरोबर आहेत, कधी येतो ते तुम्ही नीट सांगितलंत. चढावर म्हणजे ओझ्यावर. ओझ्यावर इंजिनला जास्त डिझेल लागतं, खणखण धातूची आहे. पहिला संशय नोझलवर किंवा पंपाच्या टायमिंगवर. मघाची पाइपची चाचणी मिस्त्रीला करायला सांगा, पण ओझं नसताना ती कळणार नाही कदाचित. मग नोझल टेस्टिंगला द्या, त्याला फार खर्च नाही. आणि त्याआधी रेडिएटरची जाळी, बॉनेटचे कान, सायलेन्सरचा क्लॅम्प हातानं हलवून बघा. चढावर ओझ्यानं इंजिन जरा पिळतं, तेव्हा ढिलं असलेलं वाजतं. ते फुकट आहे, म्हणून आधी.

एक तरुण: सर, आम्ही हुरडा पार्टीसाठी जुनी क्वाड बाइक घेतलीय, चार चाकांची एटीव्ही. तिला पण हेच लागू होतं का?

‘कधी बदलतो’ हे लागू होतंच. पण तिची रचना मोटरसायकलसारखी. लहान क्वाडला मागं साखळी आणि एकच सलग एक्सल असतो, डिफरन्शियल नसतं. म्हणून डांबरी रस्त्यावर वळताना मागचे टायर घासून ओरडतात, तो आजार नाही, तिला मातीतच चालवा. ‘खट-खट’ करून उडी मारल्यासारखं होत असेल तर साखळी ढिली किंवा स्प्रॉकेटचे दात झिजलेत. पट्ट्याची असेल, म्हणजे गिअर नसलेली, तर पाण्यातून गेल्यावर पट्टा घसरून ओरडतो, सुकला की थांबतो. माती धुताना प्रेशरनं चाकाच्या बेअरिंगवर पाणी मारू नका. आणि पोराबाळांना बसवण्याआधी चारही चाकं हलवून बघा, दर वेळी. तिचे मालक बदलतात तसे बसणारे रोज बदलतात, आवाज कुणालाच ओळखीचा नसतो.

चला, बाहेर एकांचा ट्रॅक्टर सकाळपासून उभा आहे, इंजिन थंड आहे. कुणी सुरू करू नका, आधी मला ब्लॉकला हात लावू द्या. खडू कुणाकडं आहे?